एकाच गाडीने आठ जण

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. अमरावती

वही आणली. डोक्यात ठेवून आता काम भागत नाही.

खुर्शीदबीला आज बार मित्झ्वा म्हणजे काय ते समजावलं. पंचवीस वर्षांपासूनची शेजारीण आहे, तिला माहीत असायला हवं. मुलगा तेरा वर्षांचा झाला की सर्वांसमोर उभा राहून तोरा, आमचा धर्मग्रंथ, वाचतो, हिब्रूत, चालीवर. त्या दिवसापासून तो मोठ्या पुरुषांत मोजला जातो. पण वाचायचं तर दहा पुरुष हजर लागतात. तिने विचारलं, "अन् नऊच आले त?" मी सांगितलं, मग नाही. ती म्हणाली, "एका मानसासाठी कावून अडते जी, बाई?" मी म्हटलं, आमचं अडतं.

ती हसली. मी हिशेब करत होते. अमरावतीत आमच्या ज्यू समाजाचं एकच घर उरलं आहे, हे. त्यात पुरुष दोन: माझा मुलगा आसेर, आणि त्या दिवसापासून नातू एझ्रा. उरलेले आठ ठाण्या-मुंबईहून आणायचे. एझ्रा वीस डिसेंबरला तेरा पूर्ण करतो आणि वीस डिसेंबरला शनिवारच आहे, शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस. याहून चांगला योग शोधून मिळणार नाही.

दुसरी गोष्ट. समारंभात कचरा होणार नाही. चौतीस वर्षं मुलींना गणित शिकवलं आणि रोज वर्गाबाहेर पडलेली पाकिटं उचलायला लावली. घरच्या कार्यात प्लास्टिकचे पेले चालवून घेणार नाही. पळसाच्या पत्रावळी सेमाडोहच्या बायकांकडून. पाणी माठातलं, पेले स्टीलचे. सजावट माझ्या जुन्या साड्यांची. प्रत्येक पाहुण्याला परत जाताना एक रोप, खुर्शीदबीच्या नवऱ्याच्या, कुर्बानभाईंच्या, रोपवाटिकेतलं, नारळाच्या करवंटीत. जेवण शाकाहारी. फ्लेक्स नाही.

फ्लेक्स नाही म्हटल्यावर आसेर एझ्राकडे बघून म्हणाला, "बरं झालं, आई." इतक्या पटकन म्हणाला की मला आश्चर्य वाटलं. त्याला कधीपासून पर्यावरणाची काळजी?

बुधवार, ५ नोव्हेंबर

सर्वांत महत्त्वाचा नियम आज फोन करून सगळ्यांना सांगितला. कोणीही मोटारीने येणार नाही. आठ माणसांसाठी तीन मोटारी सातशे किलोमीटर धूर काढत येणार आणि आपण करवंट्यांत रोपं वाटणार, हा ढोंगीपणा आहे. सगळ्यांनी एकाच रात्रीच्या गाडीने यायचं.

आसेर म्हणाला की दोघे जण तरी वेगळे येऊ देत, म्हणजे काही झालं तर. मी विचारलं, काय होणार आहे?  त्याची बायको शेरन त्याच्याकडे बघत होती. या घरात हल्ली बोलण्यापेक्षा बघणं जास्त चालतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

एझ्राची तयारी समाधानकारक नाही. त्याला शिकवतो माझा धाकटा भाऊ एलिजा. तो ठाण्याला हज्जान आहे, म्हणजे प्रार्थना चालवणारा, आणि फोनवर चित्र लावून धडा घेतो. आज मी शेजारी बसले. एझ्रा पहिल्या ओळीतच अडकला. तोच शब्द, तोंड उघडं, आवाज नाही. लहानपणापासून अडखळतो, पण इतका नाही. मी शब्द सांगितला. पुढच्या ओळीत पुन्हा अडकला, पुन्हा सांगितला. एलिजा म्हणाला, "ताई, तू जरा चहा कर." मी सकाळी एकदाच चहा घेते हे त्याला माहीत आहे.

संध्याकाळी एझ्रा सायकल घेऊन कुर्बानभाईंकडे पळाला. रोजचंच झालं आहे. अभ्यास सोडून रोपांना पाणी घालतो.

 सगळे बघत आहेत आणि तो तसाच तोंड उघडून उभा आहे, हे डोळ्यांसमोरून जात नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

खुर्शीदबी सांगत होती की एझ्रा रोपवाटिकेत शेडखाली बसून "काही तरी लय मस्त गाते, आमच्या झाडायपाशी. एक बार बी अटकत नाई." मी म्हटलं, तो वेगळं काही गात असेल, सिनेमातलं. ती म्हणाली, "सिनेमातलं मले समजते, बाई."

तिचा समज काहीतरी चुकला असणार.

बुधवार, १९ नोव्हेंबर



एलिजाने संध्याकाळी फोन केला. प्रमाणपत्रावर हिब्रू तारीख लिहायची होती, म्हणून विचारलं की एझ्रा दिवसा जन्मला की सूर्य मावळल्यावर. दुपारी दोन वाजता, मी सांगितलं. पलीकडे पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ताई, सात तेवेथ."

तेवेथ हा आमचा महिना, सात तेवेथ ही एझ्राची जन्मतिथी, आणि आमच्या तारखा चंद्रावर चालतात. या वर्षी सात तेवेथ वीस डिसेंबरला येत नाही. सत्तावीसला येते. वीस तारखेला एझ्रा बारा वर्षांचाच असेल. त्या दिवशी तो मोजला जाणार नाही. म्हणजे पाहुणे सगळे आले असते, दहा जण उभे राहिले असते, आणि ते नऊ असते.

मी गणिताची शिक्षिका आहे.

एलिजा म्हणाला, चूक त्याचीही आहे, मी तारीख दिली आणि त्याने विचारलं नाही. तसं नाही. हे असताना हिब्रू पंचांग दर वर्षी मुंबईहून मागवलं जायचं, स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेलं असायचं. सण, उपास, वर्षश्राद्ध, सगळं हे त्यावरून सांगायचे. हे गेल्यापासून मी ते मागवलं नाही. खिळा अजून आहे.

आणखी एक आहे. दर शब्बाथला तोरातला ठरलेला भाग वाचतात. तारीख बदलली की भाग बदलला. एझ्राने चार महिने घोकलेला भाग गेला. आता नवीन, सदतीस दिवसांत.

एझ्राला मीच सांगितलं. तो फक्त "बरं" म्हणाला आणि सायकल घेऊन गेला. मला वाटलं होतं रडेल.

सोमवार, २४ नोव्हेंबर

वीस तारखेची तिकिटं सगळ्यांनी रद्द केली. नाताळच्या सुट्टीत गाड्या भरलेल्या. सगळीकडे प्रतीक्षायादी. शेवटी पंचवीसच्या रात्रीच्या एकाच गाडीत, एकाच डब्यात आठ जागा मिळाल्या. शुक्रवारी सकाळी साडेआठला बडनेरा. सूर्य पावणेसहाला मावळतो, त्यानंतर शब्बाथ लागतो आणि प्रवास बंद. म्हणजे हातात नऊ तास. भरपूर आहेत.

भरपूर आहेत असं दिवसातून चार वेळा स्वतःला सांगते आहे.

आसेर पुन्हा म्हणाला, दोघांना आदल्या दिवशी मोटारीने बोलावू. मी म्हटलं, नियम एकदा केला की केला. तो म्हणाला, "आई, तू घाबरलीस की नियम वाढवतेस." असं बोलायची याला सवय नव्हती.

रविवार, ७ डिसेंबर

पत्रावळी आल्या, दीडशे. वास छान आहे. माठ भरून बघितले, एक पाझरतो.

आज एकट्याने बसून खरं कारण लिहिते, नाहीतर ही वही कशाला?

हे २०२१च्या मे महिन्यात गेले. त्या दिवसांत कोणाला कुठून येता येणार होतं? मातीत ठेवताना आसेर, कुर्बानभाई आणि पालिकेची दोन माणसं, पांढऱ्या पोशाखात. इथे आपलं कब्रस्तान नाही म्हणून ख्रिस्ती कब्रस्तानाच्या कडेला जागा मिळाली. मेलेल्यासाठी जी प्रार्थना म्हणतात, कदिश, तिलाही दहाच लागतात. ती म्हटली गेली नाही. पुढे फोनवर दहा जण जमवून म्हणूया असं एलिजा म्हणाला. फोनमधले दहा मी धरत नाही. नंतर एकेक वर्ष गेलं. ठाण्याला जाऊन म्हणवून घेता आली असती. पण ती त्यांच्या घरात म्हटली जावी असं माझ्या मनाने घेतलं आणि मग सोडलं नाही.

दहा पुरुष या घरात एकदा उभे राहिले पाहिजेत. माझं बहात्तरावं चालू आहे. हे पुन्हा जुळवून आणणं माझ्याच्याने होणार नाही.

एझ्राला यातलं काही सांगितलेलं नाही. त्याच्यावर ओझं नको.

सोमवार, १५ डिसेंबर

एझ्राचं दप्तर आवरताना वही मिळाली. नव्या भागाच्या ओळी देवनागरीत उतरवल्या आहेत, आणि शेवटच्या पानावर कदिश. सगळी, खाडाखोड न करता. एलिजाने दिली असेल, सरावाला. पण बार मित्झ्वाला ती पाठ करावी लागत नाही. कशाला उतरवली असेल?

माझ्यासमोर आज तिसऱ्या ओळीपर्यंत गेला. नंतर घामाने हातातलं पुस्तक ओलं झालं. मी सांगितलं, भीती वाटत असेल तर जास्त सराव कर.

शुक्रवार, २६ डिसेंबर, दुपार

गाडी अकोल्याला उभी आहे. पुढे रुळावर मालगाडी बंद पडली आहे म्हणतात. साडेसहापासून उभी. एलिजा दर अर्ध्या तासाने फोन करतो आणि तेच सांगतो, उभी आहे.

सव्वाबारा वाजता मी आसेरला म्हटलं, मोटार कर. त्याने 'मी म्हटलं होतं' असं ऐकवलं नाही, हे त्याचे उपकार. अकोल्यात मोटार मिळेना. अख्खी गाडी उतरून स्टेशनबाहेर आली होती, होत्या तेवढ्या मोटारी दहा वाजताच निघून गेल्या. बस भरलेल्या, दाराला माणसं लटकलेली, आणि एलिजाच्या हातात कापडात गुंडाळलेली सेफेर तोरा, चर्मपत्रावर हाताने लिहिलेली. ती घेऊन धक्काबुक्कीत चढणार कसं?

शेवटी कुर्बानभाईंकडे गेले. पहिल्यांदाच त्यांच्याकडे काही मागायला गेले असेन. त्यांनी मला बसा म्हटलं आणि उभ्यानेच फोन लावला. खुर्शीदबीचा भाऊ जिब्रान अकोल्याला असतो, त्याची संत्र्यांची पिकअप आहे. फोनवर ते म्हणाले, "क्रेट उतरव. गादी टाक. म्हातारे मानसं हायत, अन् त्यायची किताब हाय, तिले सामोर बसव, केबिनमधी." मग माझ्याकडे वळून, "डिझेल जाते, बाई. तुमचा नियम."

मी म्हटलं, जाऊ द्या.

दोन चाळीस. पिकअप अकोल्याहून निघाली. शंभर किलोमीटर.

तीन पंचवीस. एलिजाचा फोन. पिकअपमध्ये सातच जण आहेत. यांचे चुलतभाऊ मोझेसकाका, वय एक्याऐंशी, स्टेशनवर चक्कर येऊन बसले. डॉक्टरने आज प्रवास करू नका म्हणून सांगितलं. जिब्रानच्या आईने त्यांना आपल्या घरी नेलं आहे.

सात. आसेर आठ. एझ्रा नऊ.

चार दहा. मूर्तिजापूर गेलं.  शेरन दिवे लावायची तयारी करते आहे. एझ्रा नवीन सदरा घालून दारात बसला आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.

सव्वापाच. आले. सगळ्यांच्या अंगाला संत्र्यांचा वास. आता पेन ठेवते.

शनिवार, २७ डिसेंबर, तीन तारे दिसल्यावर

शब्बाथला लिहीत नाहीत, तारे दिसले की तो संपतो, म्हणून आत्ता लिहिते आहे, आणि लिहिणं भाग आहे.

सकाळी सगळे जमले. माझ्या साड्यांचे पडदे, माठ, पत्रावळी, करवंट्यांतली रोपं ओळीने. नऊ पुरुष. सेफेर तोरा उघडली नाही. एलिजा म्हणाला, एझ्राने आपला भाग छापील पुस्तकातून वाचावा, आशीर्वाद न म्हणता. म्हणजे वाचन म्हणून नाही, नुसतं ऐकवायला.

एझ्रा उभा राहिला. दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीत अडकला.  एलिजाने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी मागून शब्द सांगितला, मोठ्याने. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पुस्तक मिटलं. पुढे वाचलंच नाही.

मी मदत केली. शब्द बरोबर होता.

कदिश झाली नाही. जेवणं झाली. पाहुण्यांनी पत्रावळींचं कौतुक केलं.

आत्ता तारे दिसल्यावर एझ्रा बैठकीत आला. उद्या रात्रीची परतीची तिकिटं होती सगळ्यांची, बॅगा भरायला काढल्या होत्या. मी उठून बोलायला लागले की पुढच्या वर्षी कधीतरी, म्हणून. एझ्राने मधेच सुरू केलं. त्याला फार वेळ लागला. एकेक शब्द ओढून काढावा तसा. म्हणाला, "सोमवारीही तोरा वाचतात. पुढच्या आठवड्याच्या भागाची सुरुवातीची वाक्यं, थोडीच. मोझेसकाकांशी फोनवर बोललो. ते म्हणाले, सोमवारी सकाळी बसने येतो. तुम्ही सगळे थांबाल का?"

कोणी त्याला शब्द पुरवला नाही. संपेपर्यंत सातही जण थांबले. मग एक म्हणाला, माझी सोमवारी कचेरी आहे, पण बघतो. दुसऱ्याने फोन काढला आणि तिकिटाचं बघायला लागला.

सगळे पांगल्यावर एझ्रा स्वयंपाकघरात आला. तिथे मी एकटीच होते.

"आजी, सोमवारी तू बाहेर बसशील का?"

मी विचारलं, बाहेर म्हणजे?

"आंगणात. खुर्शीद खालाजवळ. मले... मला तू दिसलीस की आवाज येत नाही. कधीपासूनच."

मी म्हटलं, ठीक आहे. दुसरं काय म्हणणार? सात तेवेथ, मोठा पुरुष झाला आहे.

रविवार, २८ डिसेंबर

तिसरा भाग. चार वाक्यं, एका दिवसात. एलिजा आणि एझ्रा सकाळपासून रोपवाटिकेत आहेत. मी गेले नाही.

पुस्तक काढून मराठीतून ती वाक्यं वाचली. याकोब मिसरात म्हातारा झाला आहे, मरण जवळ आलं आहे. तो मुलाला बोलावतो आणि शपथ घालतो की मला या देशात पुरू नकोस, माझ्या वाडवडिलांजवळ ने.

इतक्या सगळ्या भागांत नेमका हाच यावा. वाचून पुस्तक ठेवून दिलं. यांनी माझ्याकडून काही शपथ घेतली नव्हती. बोलताच येत नव्हतं, तोंडात नळी होती.

भीती जाईल असं वाटलं होतं, पण ती नुसती जागा बदलते आहे. बस बंद पडली तर? मोझेसकाकांना पुन्हा चक्कर आली तर? आणि सगळं नीट झालं तर? त्याला माझी गरज पडली नाही तर?

सोमवार, २९ डिसेंबर

मोझेसकाका सव्वाआठला उतरले, जिब्रान सोबत. एकट्याने सोडलं नाही त्याच्या आईने. काका म्हणाले, तीन दिवस अंडी आणि केळी खाल्ली, "त्या माउलीने माझ्यासाठी नवीन पातेलं आणलं, आपलं वापरलेलं चालत नसेल म्हणून." मी त्यांना पाणी दिलं आणि आत पाठवलं; सातही जण थांबले होते, काका दहावे. दार लोटलं.

मी अंगणात बसले. वाचन झाल्यावर आमच्यात मलिदा करतात, पोह्यांत गूळ आणि खोबरं घालून, आभाराचा. तो करायला घेतला. खुर्शीदबी पोहे निवडत होती, मी नारळ खोवत होते. आतून आधी एलिजाचा आवाज, मग बरेच आवाज, मग एकटा एझ्राचा. शब्द कळत नव्हते. फक्त चाल कळत होती. तो चालला होता. मग थांबला.

मी उठले. खरंच उठले, खवणी तशीच टाकून. खुर्शीदबी पोहे निवडत राहिली. मी दारापर्यंत गेले. आत कोणी हलत नव्हतं, कोणी काही सांगत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. शब्द कोणता असेल ते मला माहीत होतं, काल वाचला होता. जिभेवर होता. मी पदर तोंडात धरला.

मग तो पुढे निघाला.

मी परत येऊन बसले. खुर्शीदबीने माझी खवणी माझ्यासमोर सरकवली.

थोड्या वेळाने पुन्हा एझ्राचाच आवाज, पण दुसऱ्या चालीत. ही चाल मी ओळखते. लहानपणी वडील गेले तेव्हा ऐकली होती, कदिशची. मधेमधे सगळे मिळून "आमेन" म्हणत होते, मोझेसकाकांचा खोकल्यासकट. दारातून बाहेर यायचा तो आवाज, अंगणात, रस्त्यापर्यंत. त्याला कोणी सांगितलं होतं? मी नाही. आसेरही नाही, विचारलं.

खुर्शीदबीने विचारलं, "हे कोनासाठी व्हय?" मी सांगितलं, यांच्यासाठी. तिने डोक्यावर ओढणी घेतली आणि हात थांबवून बसली, संपेपर्यंत.

मग दार उघडलं. सगळे मोझेसकाकांना खुर्ची देण्यात गुंतले. एझ्रा बाहेर आला, खांद्यावर यांची प्रार्थनेची शाल. फार मोठी होते त्याला. विचारलं, "ऐकलंस?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, आवाज ऐकला, शब्द नाही.

तो माझ्यासमोर पायरीवर बसला. माझ्याकडे बघितलं नाही, परातीतल्या खोबऱ्याकडे बघत पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यात अडकला. मीही खोबऱ्याकडे बघत राहिले.